वैजयंतीबाईंचा मुखत्यार

एका माणसावर तीन माणसांचं काम पडलं तर आणखी दोन माणसं नेमावीत, हे आपल्याकडे कुणालाही सुचत नाही. त्याऐवजी सल्लागार नेमतात. आमच्या शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी असा एक सल्लागार आला. महिनाभर थंडगार खोलीत बसून, कंपनीचेच काजू खात त्याने शोध लावला की कर्मचाऱ्यांचा निम्मा वेळ कामात जात नाही, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. पंप दुरुस्त झाला का हे विचारायला फोन करावा, तर समोरचा भलतीकडेच अडकलेला. त्याचा उलट फोन येतो तेव्हा आपण अडकलेले. तेव्हा उत्तर ताबडतोब मिळेल अशी सोय करा, माणसं आहेत तेवढी पुरेत, खरं तर थोडी जास्तच आहेत, असं त्याने लिहून दिलं. मग माणसं आणखी कमी झाली आणि मुखत्यार आला.

मुखत्यार म्हणजे हातपाय असलेलं यंत्र नव्हे. प्रत्येक कर्मचाऱ्याचं गेल्या कित्येक वर्षांचं फोनवरचं बोलणं, मेल, निरोप, सगळा साठा कंपनीकडे होताच. तो एका प्रणालीला खाऊ घातला. अमुक प्रश्न आहे, अमुक माणूस विचारतोय, दिवस गर्दीचा आहे, तर हा कर्मचारी काय उत्तर देईल, याचं गणित ती मांडायची आणि उत्तर त्याच्याच आवाजात द्यायची. माणूस मोकळा नसला की फोन आपोआप त्याच्या मुखत्याराकडे जायचा. फोनवर हिरवा ठिपका दिसला तर माणूस बोलतोय, पिवळा दिसला तर मुखत्यार. पहिला आठवडा सगळ्यांनी ठिपका बघितला. नंतर एवढा वेळ कुणाला होता? शिवाय मुखत्याराचं उत्तर हे त्या माणसाचंच उत्तर मानलं जाईल, असा करार सगळ्यांकडून करून घेतला होता आणि तो वाचायलाही कुणाला वेळ नव्हता.

यातली मेख कंपनीतल्या एकाही साहेबाला कळली नव्हती, म्हणून इथे सांगून ठेवतो. मुखत्याराला पंप दिसत नाही. 'पंप दुरुस्त झाला का' असं विचारलं की तो पंपाबद्दल काहीच सांगत नाही, तो पंपवाल्याबद्दल सांगतो. या घडीला हा प्रश्न आला तर शैलेश निमकर काय म्हणेल? शैलेश नोकरीला लागल्यापासून म्हणत आलाय, 'झालंच आहे मॅडम, होऊन जाईल.' मुखत्यारही तेच म्हणतो. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा मुखत्याराचं उत्तर माणसाच्या उत्तराशी जुळतं, असं त्या सल्लागाराने मोठ्या अक्षरांत छापलं होतं. साहेबलोकांनी ते वाचलं ते असं, की शंभरातले पंच्याण्णव पंप दुरुस्त झाले. या लोकांच्या हातात पाच लाख माणसांचं पाणी होतं.

नियंत्रण कक्षात दिवसपाळीच्या प्रमुख होत्या वैजयंती धोंगडे. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि जगातल्या बहुतेक सगळ्या माणसांबद्दल मनात तिटकारा. तो त्या लपवतही नसत. नगरसेवक अडाणी, ठेकेदार चोर, नवे इंजिनिअर मठ्ठ आणि कंपनीचे साहेब म्हणजे सूट घातलेले भोपळे, अशी त्यांची सरळ वर्गवारी होती. त्यात फारसं काही चुकीचं नव्हतं, हे मलाही मान्य आहे. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर साऱ्या शहराच्या पाइपलाइनचा नकाशा होता. पूर्वी त्या नकाशासमोर तीन खुर्च्या असत. आता एक होती.

इतकं काम एकट्याने आणि तेही अर्ध्यामुर्ध्या माहितीवर उरकायची बाईंची एक पद्धत ठरून गेली होती. कुणी काही विचारलं की आधी त्याची भरपूर हजेरी घ्यायची. त्याने पुन्हा विचारलं की म्हणायचं, "करा काय करायचं ते." या चार शब्दांवर शहरात टँकर सुटत, व्हॉल्व्ह उघडत, रजा मंजूर होत. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवलं जाई: बाई ओरडल्या की घाबरायचं नाही, थोडं थांबायचं, परत विचारायचं, 'करा काय करायचं ते' आलं की परवानगी मिळाली. बाईंनाही हे पक्कं ठाऊक होतं. काम पुढे सरकायचं आणि शिवाय 'मी तर आधीच बजावलं होतं' म्हणायला जागा राहायची. याला त्या स्पष्टवक्तेपणा म्हणत.

दुसऱ्यांच्या मुखत्याराशी मात्र बाई बोलत नसत. त्या ठिपका बघत. पिवळा असला तर फोन ठेवून देत. "पोपटाशी बोलायला मी रिकामी नाही," असं त्या म्हणत. त्यांचा स्वतःचा मुखत्यार मात्र दिवसभर अखंड चालू असे, त्याबद्दल त्यांना काही वाटत नसे.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर नवरा, दिगंबरराव, मागच्या खोलीतल्या कॉटवर नवी चादर घालत होते.

"कोण येतंय?" बाईंनी विचारलं.

"अण्णा. महिनाभर राहील म्हणतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना त्याचं. दुपारी बोललो की तुझ्याशी."

"माझ्याशी कधी बोललात तुम्ही?"

"ऑफिसच्या फोनवर. आधी तू माझा उद्धार केलास. मग अण्णाचा, मग आमच्या सगळ्या घराण्याचा. मी परत विचारलं तर म्हणालीस, करा काय करायचं ते. म्हणून त्याला ये म्हणून कळवलं."

"ती मी नव्हते, अहो. तो मुखत्यार होता."

दिगंबररावांनी चादरीची सुरकुती काढली. "तू असतीस तर काय म्हणाली असतीस?"

बाई तेच म्हणाल्या असत्या. शब्दसुद्धा तेच. त्यांना आधी राग आला आणि मग, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. अर्ध्या तासाचं भांडण त्यांच्या वाटचं कुणीतरी भांडून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरचे फोनही मुखत्याराकडे वळवले. हैदराबादला असलेली मुलगी, ऋजुता, आधी रुसली आणि नंतर रुळली. "ती निदान फोन तरी उचलते," असं तिने बाबांना सांगितलं. बाईंनी ते ऐकलं आणि मुलीलाही मठ्ठांच्या यादीत टाकलं.

गुरुवारी आमच्याकडे शटडाउन असतो. सकाळी मुख्य लाइन बंद करायची, दिवसभरात दुरुस्त्या उरकायच्या, संध्याकाळी पाणी सोडायचं. त्या गुरुवारी कुरणवाडीच्या वळणावर मुख्य पाइपाला आतून पॅच मारायचं काम होतं. हा पाइप इतका मोठा की माणूस थोडा वाकून आत चालू शकतो. मॅनहोलमधून तीन वेल्डर आत उतरले होते. लोखंडी पाइपात फोनला रेंज नसते, म्हणून आतल्यांची खबर बाहेरचा माणूस देतो. हा बाहेरचा माणूस म्हणजे शैलेश निमकर, आणि त्याच्याकडे त्या दिवशी अशा आणखी दोन साइट होत्या.

साडेचारच्या सुमारास बाईंसमोर एकाच वेळी क्लोरीनचा अलार्म वाजत होता, दोन टँकर चुकीच्या वॉर्डात उभे होते आणि एक नगरसेवक फोनवर त्यांच्या मुखत्याराकडून शिव्या खात होता. तेवढ्यात खासनीस साहेब केबिनमधून बाहेर आले. हे त्या भोपळ्यांतले सर्वांत मोठे.

"धोंगडे मॅडम, पाचला पाणी सुटतंय ना? सहा वाजता संगीत कारंज्याचं उद्घाटन आहे. पालकमंत्री येतायत."

"कारंजं टँकरवर चालवा."

"मॅडम, प्लीज. कुरणवाडीचं क्लिअर आलंय. मी आत्ताच शैलेशला विचारलं."

"हिरवा होता की पिवळा?"

खासनीसांनी फोनकडे बघितलं. त्यांनी अर्थातच पाहिलं नव्हतं. बाईंनी स्वतः शैलेशला लावला. पिवळा ठिपका. या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही.

"कुरणवाडीची माणसं बाहेर आली का?"

"हो मॅडम, सगळी बाहेर आहेत," शैलेशचा आवाज अगदी नम्रपणे म्हणाला. "झाकण बसवायचं तेवढं राहिलंय, ते होऊन जाईल."

बाईंनी फोन बंद केला. शैलेशला त्यांनीच हाताखाली तयार केलं होतं. तो असं कधी म्हणतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. काम झालेलं असलं की शैलेश नुसतं 'झालं' म्हणे. बाकी सगळी शेपटं काम न झालेल्याची.

"हा पोपट आहे," त्या म्हणाल्या. "याच्या भरवशावर मी पाणी सोडत नाही. शैलेशला शोधा."

"तो क्लोरीनच्या प्लँटवर आहे. तिथल्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नसणार. सिस्टिम पंच्याण्णव टक्के खात्री दाखवतेय, मॅडम."

"पंच्याण्णव टक्के म्हणजे काय, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला? तिकडे पाठवायला माणूस आहे?"

माणूस नव्हता. होता तो सल्लागाराने कमी केला होता. बाईंनी पर्स उचलली. "मी स्वतः जाऊन बघते. मी फोन करेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. कळलं?"

"हो, हो," खासनीस म्हणाले.

इथपर्यंत बाई शंभर टक्के बरोबर होत्या. त्या दिवशी त्या इमारतीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस ते एकच होतं, आणि ते जीपमध्ये बसून निघून गेलं.

मागे खुर्ची रिकामी राहिली. पण पाळीप्रमुखाची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, असा नवा नियम होता. बाई दाराबाहेर पडल्या आणि टेबलावरचा ठिपका हिरव्याचा पिवळा झाला. बाईंचं आणि खासनीसांचं बोलणं समोरासमोर झालं होतं, फोनवर नव्हे, त्यामुळे मुखत्याराला त्यातला एक शब्दही माहीत नव्हता. मंत्र्यांच्या पीएचा फोन आला. खासनीसांना बाईंच्या मोबाइलवर फोन करता आला असता. पण तिथून काय उत्तर येईल ते त्यांना ठाऊक होतं. आणि या खुर्चीतून काय येईल तेही ठाऊक होतं. त्यांनी खुर्चीला विचारलं.

"मॅडम, मंत्र्यांच्या कारंज्यासाठी पाणी सोडायचं ना? शैलेशचं क्लिअर आहे."

"कारंज्यासाठी?" बाईंचा आवाज म्हणाला. "शहर चार दिवस तहानलेलं असतं तेव्हा एवढी घाई होत नाही तुम्हाला. मंत्री आला की लगेच पाय फुटतात. लाज नाही वाटत?"

खासनीस शिकवल्याप्रमाणे थोडा वेळ थांबले. "सोडू ना, मॅडम?"

"करा काय करायचं ते."

व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात झाली. पाळीप्रमुखांची परवानगी नोंदली गेली. खासनीसांनी पीएला कळवलं आणि चहा मागवला.

कुरणवाडीला पोचायला बाईंना गर्दीमुळे अर्धा तास लागला. वळणावर कुणीच नव्हतं. बाहेर थांबायचा मदतनीस गॅसचं सिलिंडर आणायला पिकअप घेऊन गेला होता, कारण पिकअपला वेगळा ड्रायव्हर ठेवणं परवडत नव्हतं. मॅनहोलचं झाकण बाजूला पडलेलं. शेजारी जनरेटर धडधडत होता आणि त्याची केबल मॅनहोलमधून आत गेली होती. बाईंनी वाकून हाका मारल्या. जनरेटरच्या आवाजात त्यांचा खणखणीत आवाजही विरून गेला. आतून कुठून तरी लांबून ग्राइंडरची घरघर येत होती, की ती जनरेटरचीच होती, हे काही कळेना.

तेवढ्यात पलीकडच्या टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह शिट्टी वाजवायला लागला.

रिकाम्या पाइपात पाणी शिरलं की ते पुढची हवा ढकलत येतं. ती हवा बाहेर पडायला उंचवट्यावर असे व्हॉल्व्ह ठेवलेले असतात. ते वाजायला लागले म्हणजे पाणी निघालेलं आहे आणि आता फार लांब नाही. बाईंनी नियंत्रण कक्षाचा नंबर लावला, पाळीप्रमुखाचा, कारण व्हॉल्व्ह बंद करायचा अधिकार तेवढ्या एकाच नंबराला होता.

"बोला. लवकर बोला," वैजयंतीबाईंचा आवाज वैजयंतीबाईंना म्हणाला.

"मी वैजयंती धोंगडे. कुरणवाडीहून बोलतेय. व्हॉल्व्ह बंद करा, माणसं आत आहेत."

"वैजयंती धोंगडे इथे बसल्यात. आपण कोण?"

"अगं मी खरी आहे!"

"माझा आवाज काढणारे फोन दर आठवड्याला येतात. परवा एकाने माझ्याच आवाजात सोसायटीला टँकर मागवला. काही कामधंदा नाही का तुम्हाला?"

ही अक्कल बाईंनीच त्याला शिकवली होती. टँकरच्या त्या भानगडीनंतर, नुसत्या आवाजावर कुणाचंही ऐकायचं नाही, माझंसुद्धा नाही, असं त्यांनीच प्रणालीत घालून घेतलं होतं.

"साइट इंजिनिअर सांगतोय सगळे बाहेर आहेत," आवाज पुढे म्हणाला. "त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"मी इथे उभी आहे. केबल आत गेलेली दिसतेय मला."

"केबल दिसतेय. माणसं दिसतायत?"

बाईंना माणसं दिसत नव्हती. त्या खुर्चीत त्या स्वतः असत्या तर त्यांनी हाच प्रश्न विचारला असता, आणि विचारून झाल्यावर स्वतःवर खूश झाल्या असत्या.

"अर्धवट माहितीवर मला फोन करायचा नाही, हे कितीदा सांगायचं? आधी नीट बघा, मग बोला."

"मूर्ख बाई, माणसं मरतील!"

"आवाज चढवायचं काम नाही."

बाई भांडत राहिल्या. भांडणात हरायची त्यांना सवय नव्हती, आणि समोरच्या बाईलाही नव्हती. त्या एक बोलत, ती त्याला तोडीस तोड देई. शिट्टी चढत गेली. मध्येच बाईंच्या लक्षात आलं की आता तिने ऐकलं तरी उपयोग नाही. एवढा मोठा व्हॉल्व्ह झटक्यात बंद करता येत नाही, लाइन फुटते, आणि जे पाणी निघालं ते निघालंच. त्यांनी फोन फेकला आणि जनरेटरचं बटण दाबलं.

हे त्यांना आल्याबरोबर सुचायला हवं होतं. दिवे गेले की आतली माणसं शिव्या घालत बाहेर येतात. दोघं आलेच. पहिला शिडीवर दिसला तेव्हा त्याच्या तोंडात खरोखरच शिवी होती. दुसऱ्याला बाईंनी आणि जीपच्या ड्रायव्हरने दंडाला धरून वर ओढलं, तेव्हा तो कमरेपर्यंत भिजलेला होता. तिसरा, भिका आढाव, वळणाच्या पलीकडे शेवटचा टाका मारत होता. अंधारात त्याला वळण चाचपावं लागलं असणार. मॅनहोलच्या तोंडाशी पाणी काळं, फेसाळ होऊन वर आलं. भिका आला नाही.

क्लोरीनच्या प्लँटवरून शैलेश धावत आला तेव्हा बाई मातीत बसल्या होत्या.

"तू सांगितलं का नाहीस?" त्या म्हणाल्या. "माणसं आत आहेत हे सांगायला जीभ नव्हती तुला?"

"सांगितलं ना मॅडम. तीन वाजता फोन केला होता." शैलेश म्हणाला. "म्हणालो, पॅच सुटतोय, माणसं सहापर्यंत आत लागतील."

"मग? मी काय म्हणाले?"

"म्हणालात, कारणं सांगू नकोस. तुला इंजिनिअर कुणी केला? तुझं तू निस्तर. मग मी परत फोन नाही केला. वाटलं, मी स्वतः सांगितल्याशिवाय तुम्ही काही पाणी सोडणार नाही."

"ठिपका कुठला होता?"

"बघितला नाही, मॅडम. नेहमीसारखंच बोलणं होतं. मला वाटलं, तुम्हीच."

तो निरोप मुखत्याराने माहितीत नव्हे, शैलेशच्या कारणांत जमा केला होता, बाई करत तसाच.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. त्याच्या आधी खासनीसांनी बाईंना कँटीनमध्ये गाठलं. माणूस मेला म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते कपड्यांसारखंच नीट इस्त्री केलेलं होतं.

"हे बघा मॅडम, सोपं आहे. तुम्ही तिथे नव्हता. मुखत्याराने तुमच्या नावावर चुकीचं उत्तर दिलं. मी असं कधीच म्हटलं नसतं, एवढं एक वाक्य बोला. यंत्र बनवणारी कंपनी बघून घेईल, त्यांचा विमा असतो. तुम्ही सुटलात, मी सुटलो, शैलेशही सुटला."

"आणि भिका आढाव?"

"तो आता काय, मॅडम," खासनीस म्हणाले.

बाईंच्या बाजूने विचार केला तर खासनीस सांगत होते ते निम्मं खरंही होतं. बाईंनी पाणी सोडू नका म्हणून बजावलं होतं. त्या स्वतः बघायला गेल्या होत्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. एक वाक्य बोललं की झालं असतं.

चौकशी अधिकारी गर्गे नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे त्या आठवड्यात अशा बऱ्याच चौकश्या होत्या, त्यामुळे ते अर्धी फाइल वाचून आले होते. खोलीत खासनीस, शैलेश, यंत्र कंपनीचा वकील, आणि भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर भिकाची बायको कमल. तिला आत बसू द्यायचं की नाही यावरही आधी वाद झाला होता. त्या दिवशीचं संभाषण सगळ्यांना ऐकवण्यात आलं. कारंजं, मंत्री, लाज नाही वाटत, आणि मग ते चार शब्द. कमल आढाव मान खाली घालून ऐकत होती.

"धोंगडे मॅडम," गर्गे म्हणाले, "तुम्ही स्वतः त्या वेळी खुर्चीत असता, कुरणवाडीबद्दल तुम्हाला शंका आलेली नसती, तर तुम्ही हेच उत्तर दिलं असतं का?"

खासनीसांनी बाईंकडे बघून किंचित मान हलवली.

"हेच दिलं असतं," बाई म्हणाल्या. "मी आजवर हेच देत आलेय. मुखत्यार चुकला नाही."

वकिलाच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. गर्गे वैतागले. 'यंत्राचा दोष' असं लिहून फाइल संपणार होती, तिथे आता चार पानं वाढणार होती.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेतलंय. दमलेल्या दिसता. नीट विचार करून बोला."

"विचार करूनच बोलले. शैलेशलाही मीच गप्प केलं. तो मला घाबरतो, म्हणून त्याने परत फोन केला नाही. आणि मला हे बरं वाटायचं."

"असं नका करू," गर्गे म्हणाले, आणि मग त्यांना मार्ग सापडला. "करारानुसार तुमच्या मुखत्याराचं उत्तर तुमचंच धरता येतं. आपण त्यालाच विचारू. त्याला निदान भावनेचा त्रास नाही." त्यांनी टेबलावरचा स्पीकर पुढे ओढला. "धोंगडे मॅडम, कुरणवाडीच्या अपघाताची जबाबदारी कुणाची?"

"माझी अजिबात नाही," खणखणीत आवाज आला. क्षणाचाही विलंब नव्हता. "मला अर्धवट माहिती दिली. साइट इंजिनिअरने क्लिअर दिलं. साहेबांना कारंज्याची घाई. मी आधीच बजावलं होतं. एकटीने कुठे कुठे बघायचं मी? तिघांचं काम करते मी इथे, आणि वर माझ्याच नावाने बोंब."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गर्गे यांनी समाधानाने लिहून घेतलं आणि टोपण लावलं. "झालं. जबाब पूर्ण."

खुर्च्या सरकल्या. खासनीसांनी रुमालाने मान पुसली. तेव्हा कमल आढाव उठून उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सायब, मला येक सांगा. मला ह्यातलं काय कळलं न्हाई. पानी कुनी सोडलं?"

गर्गे यांनी खासनीसांकडे बघितलं, खासनीसांनी वकिलाकडे. वकील कागद गोळा करायला लागला. वैजयंतीबाई उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी सोडलं, कमलताई."

कमलने टेबलावरच्या स्पीकरकडे बोट केलं.

"आन् मग ती कोन, माझी न्हाई म्हननारी?"

"तीही मीच," बाई म्हणाल्या.